सुईची दुसरी बाजू

"या काही कामाच्या नाहीत. आवाजच गेलाय सगळ्यांचा." डोंबिवलीतल्या एका घरात, सतरंजीवर पसरलेल्या रेकॉर्डींकडे बघत पंचविशीतला नातू हे बोलला, आणि ते वाक्य त्या दिवसापासून डोक्यातून गेलेलं नाही. रत्नागिरीकडचं जुनं घर विकलं गेलं, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक इकडे आली, ट्रंकेत पन्नासेक रेकॉर्डी निघाल्या. नातवाने हौसेने सुटकेससारखा बंद होणारा नवा प्लेअर मागवला होता. तीन वेग, आतच स्पीकर, यूएसबीची सोय. त्यावर पहिली रेकॉर्ड लावली तर आधी फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज, मग पावसाच्या सरीआडून कुणी हाक मारावी तसा बारीक, लांबचा गळा. दुसरी लावली, तेच. तिसरीवर सुई घसरत घसरत थेट मधल्या कागदापर्यंत गेली. तासाभरात निकाल लागला. दोन-चार तबकड्या भिंतीवर शोभेला लावायच्या, बाकीच्या देऊन टाकायच्या. पलीकडे खुर्चीत बसलेल्या आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त एक रेकॉर्ड उचलली, पदराने पुसली आणि पुन्हा वर्तमानपत्राच्या कागदात ठेवली.

आवाज गेलेला नव्हता. सुई चुकीची होती.

हे इतकं साधं आहे, आणि याच एका गोष्टीमुळे घराघरांतल्या किती रेकॉर्डी भंगारात गेल्या असतील याचा विचार नको वाटतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची खाच रुंद असते. तिच्यासाठी सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते, म्हणजे ७६ मायक्रॉन. एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डीच्या, खाचेत चालणारी स्टिरिओ सुई ०.७ मिलची, म्हणजे १८ मायक्रॉनच्या आसपास. चौपटीपेक्षा जास्त फरक आहे. बारीक सुई रुंद खाचेत टाकली की ती भिंतींना टेकतच नाही, तळाशी जाऊन बसते. गाणं असतं भिंतींवर. तळाशी असते ऐंशी वर्षांची धूळ, झिजलेल्या लोखंडी पिनांचा कीस आणि बुरशी. त्या मुलाने तासभर ऐकला तो हा गाळ होता. नव्या स्वस्त प्लेअरवर ७८ हा आकडा छापलेला असतो, तबकडी त्या वेगाने फिरतेही, पण सोबत येणारी सुई बहुतेक वेळा एलपीचीच असते. वेग दिला म्हणजे सोय झाली असं माणूस धरून चालतो, यात त्याची काय चूक?

सत्तरच्या दशकातले सिरॅमिक कार्ट्रिजचे (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) प्लेअर ज्यांच्या घरी होते त्यांना हे सांगावं लागत नाही. त्या प्लेअरच्या सुई धरणाऱ्या हाताच्या टोकाशी एक इवलासा दांडा असायचा. तो अर्धा गोल फिरवला की एका बाजूला एलपीची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ची. मोठी माणसं रेकॉर्ड बदलताना बोटाच्या एका हालचालीने तो दांडा फिरवायची. नव्या प्लेअरवर तो दांडा नाही, म्हणून ७८ची सुई वेगळी घ्यावी लागते. बऱ्याच कार्ट्रिजना पुढचा सुईचा भाग ओढून काढता येतो आणि त्याच मापाचा ३ मिलचा भाग तिथे बसतो. एलपीच्या नाजूक सुईला दीड-दोन ग्रॅम भार पुरतो. ७८च्या बहुतेक सुयांना ३ ते ५ ग्रॅम लागतो. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचेल असं वाटतं, पण होतं उलटं. सुई खाचेत स्थिर न बसता भिंतींवर आपटत चालते, आणि तडतड त्यानेच वाढते.

सुई बदलण्याआधी धुणं मात्र हवं. आणि इथे सगळ्यात मोठा अनर्थ होतो तो चांगल्या हेतूने. मोबाइलची काच पुसायचं स्पिरिट, सॅनिटायझर, जखमेचं स्पिरिट, जे हाताशी येईल त्याने लोक रेकॉर्ड पुसतात. एलपी विनाइलची असते, तिला पाण्यात मिसळलेलं थोडं आयसोप्रोपिल चालून जातं. ७८ची तबकडी लाखेची असते. सुताराकडे फर्निचरला पॉलिश करताना बघितलं असेल तर आठवेल: चपडा लाख स्पिरिटमध्ये घालून ठेवतात आणि ती विरघळते. रेकॉर्डीवर स्पिरिटचा बोळा फिरवणं म्हणजे नेमकं तेच करणं. वरची चकाकी जाते, खाचेच्या कडा मऊ होतात, बोळा काळा होतो आणि पुसणाऱ्याला वाटतं, बघा किती मळ निघाला.

तबकडी लाखेची की विनाइलची हे हातालाच कळतं. दहा इंची ७८ दोनशे ग्रॅमच्या वर भरते, थंड लागते, नखाने टिचकी मारली की चिनी मातीच्या बशीसारखी टणकन वाजते. विनाइल बोटांत किंचित लवतं आणि टिचकीला बोदं उत्तर देतं. लाख आपल्याच मातीतली. छोटा नागपूरच्या पट्ट्यात कुसुम, पळस, बोरीच्या फांद्यांवर किडे ती करतात, आणि जगभरातल्या रेकॉर्डी घडवायला ती इथून जहाजं भरभरून गेली. निव्वळ लाखेची तबकडी मात्र नसते. लाख साधारण पाव ते तिसरा हिस्सा, बाकी पाटीच्या दगडाची नाहीतर चुनखडीची पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. ही दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे. चावीच्या ग्रामोफोनची लोखंडी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच त्या पुडीवर घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. त्यासाठीच एक पिन एक बाजू असा नियम होता. पिनांची पत्र्याची इवलीशी डबी आणि वापरलेल्या पिना टाकायचा गाळा, दोन्ही यंत्रातच असत. पिना महाग पडतात म्हणून तीच पिन चार-चार बाजूंना चालवणाऱ्या घरांतल्या रेकॉर्डी आज ओळखू येतात. झिजलेल्या पिनेला छिन्नीसारखी धार येते, आणि ती पुढच्या रेकॉर्डीची भिंत तासत जाते.

धुवायला एक लिटर डिस्टिल्ड पाणी घ्यावं. त्यात बिनवासाच्या, सौम्य भांड्यांच्या साबणाचे तीन-चार थेंब. जास्त नको, नाहीतर साबणाचाच थर खाचेत बसतो. नळाच्या पाण्यातला क्षार वाळल्यावर खाचेत उरतो आणि पुन्हा तडतडतो. आधी कोरडा मऊ ब्रश फिरवून सुटी धूळ काढायची, नाहीतर पाण्याने तिचा चिखल होतो. कोकणातून आलेल्या रेकॉर्डींवर पांढरी बुरशी असतेच, ती झटकताना गॅलरीत बसावं आणि नाकाला रुमाल बांधावा. मधल्या कागदाला पाणी लागता कामा नये. त्याच्यावर बसेल असं एखाद्या डब्याचं झाकण उलटं दाबून धरलं की काम भागतं. मग मऊ ब्रश ओला करून खाचेच्या दिशेने, गोल गोल. आडवा कधीही नाही. साध्या डिस्टिल्ड पाण्याने एकदा खंगाळून, जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपून, लगेच उभी करून पंख्याखाली अर्धा तास ठेवायची. उन्हात ठेवायची नाही. लाख पाण्यात विरघळत नाही, पण आतले कापसाचे तंतू पाणी पितात. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, त्यात कडेच्या टवक्यातून पाणी शिरलं तर तबकडी फुगून पापुद्रे सुटतात. केसाएवढी चीर असलेली रेकॉर्ड धुवायचीच नाही. ओलं फडकं पिळून फक्त पुसायची.

पहिल्या धुण्याला पाणी जे काळं होतं ते बघण्यासारखं असतं. त्यात लोखंडाची बारीक चमक दिसते.

योग्य सुई लावून धुतलेली रेकॉर्ड सुरू झाली की पहिला धक्का बसतो तो आवाजाच्या जवळिकीचा. खरखर असते, ती पूर्णपणे कधीच जात नाही. पण ती मागे जाते आणि गळा पुढे येतो. श्वास घेतलेला ऐकू येतो. हार्मोनियमच्या भात्याची धाप ऐकू येते. तरीही कुठे तरी खटकतं: आवाज जरा चिरका आहे, तान सुटल्यासारखी पळते, बाईमाणूस गातंय की पोरगं हे कळत नाही. पुष्कळ जण इथे थांबतात आणि म्हणतात, तेव्हा असंच गायचे. जुन्या गायकांचे आवाज बारीक होते, उंच पट्टीत गायचे, नाकात गायचे. काही अंशी ते खरंही आहे. बिनमाइकच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर पट्टी चढीच हवी. पण सगळाच दोष त्या काळाच्या माथी मारण्याआधी तबकडीचा वेग तपासावा.

७८ हा आकडा वाटतो तितका पक्का नाही. सुरुवातीच्या, म्हणजे भोंग्यात तोंड घालून गायच्या काळातल्या रेकॉर्डी सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कोणत्याही वेगाने भरलेल्या सापडतात. वेग सहा टक्क्यांनी बदलला की पट्टी अर्ध्या स्वराने बदलते. ७३.६ फेऱ्यांनी भरलेलं गाणं ७८ने वाजवलं तर काळी चारचा गायक पांढरी सहामध्ये गातो, आणि शिवाय घाईत गातो. माणसाच्या आवाजाला हे सोसत नाही. स्वर वर गेला एवढंच होत नाही, तोंडाची पोकळीच लहान झाल्यासारखी वाटते. भरदार पुरुषी आवाज किरटा होतो, आंदोलन असेल तिथे थरथर ऐकू येते, आणि 'स', 'श' शिट्टीसारखे टोचतात.

यावर घरगुती उपाय आहे. कागदावर ७७ काळ्या रेघांचं चक्र छापून घ्यायचं, मध्ये भोक पाडून तबकडीवर ठेवायचं, खोलीत अंधार करायचा आणि एक्स्टेंशन बोर्डावरचा निऑनचा इवला लाल दिवा त्याच्याजवळ धरायचा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर तो सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतो. वेग ७७.९२ झाला की रेघा जागच्या जागी थिजतात. फिरण्याच्या दिशेने सरकू लागल्या तर वेग जास्त, उलट सरकल्या तर कमी. दहा सेकंदांत एखादी रेघ सरकली तर काळजी करू नये. खोलीतल्या एलईडी दिव्याखाली हे करायला जाल तर बहुधा नुसतं करडं वर्तुळ दिसेल, कारण त्यातल्या अनेकांची उघडझाप त्यांच्या आतल्या सर्किटनेच पुसून टाकलेली असते. हे चक्र वेळेवर मिळालं नाही तर तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करावं आणि सावकाश मोजावं. ३९ फेऱ्या भरल्या पाहिजेत. रेकॉर्ड वाजत असतानाच मोजायचं, कारण सुईच्या ओढीने काही यंत्रं मंदावतात. जुन्या प्लेअरमध्ये मंदपणाचं कारण बहुतेकदा वंगण असतं. मधल्या दांड्याचं ग्रीस वाळून मेणासारखं होतं. ते पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. तोच थेंब चुकून रबरी चाकावर पडला तर चाक घसरतं आणि गाणं दारूड्यासारखं झुलायला लागतं.

यंत्राचा वेग असा पक्का करता येतो. गाणं कोणत्या वेगाने भरलं होतं हे मात्र गाण्यालाच विचारावं लागतं. नाट्यपदांत हार्मोनियम किंवा ऑर्गन असतो, तो मोठा साक्षीदार. त्याचे सूर हलत नाहीत, त्यामुळे वाजणारी पट्टी मोबाइलवरच्या ट्यूनरने बघून ती कुठल्या तरी खऱ्या पट्टीवर येईपर्यंत वेग कमीजास्त करता येतो. दोन पट्ट्यांच्या अधेमध्ये लटकत असेल तर वेग नक्की चुकलेला आहे. पण ट्यूनरचा काटा अगदी शून्यावर आणायचा हट्ट धरू नये. जुन्या पेट्या आजच्या मोजमापाला लावलेल्या नसत. याहून चांगला साक्षीदार म्हणजे बोललेला शब्द. अगदी जुन्या रेकॉर्डींच्या शेवटी गायक किंवा गायिका आपलं नाव सांगतात. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं भरलं गेलं, तेव्हा ठसे उमटवायला मेणाच्या चकत्या जर्मनीतल्या हानोफरला जात. सियालदाचा कारखाना १९०८चा. तिकडच्या कामगाराला कोणती चकती कुणाची हे कळावं म्हणून गाणं संपलं की नाव उच्चारायचं. त्या घोषणेत आज आपल्या उपयोगाचं एक भलतंच काही दडलेलं आहे. गाताना माणूस कोणत्याही पट्टीत गाईल, पण नाव सांगताना तो आपल्या रोजच्या आवाजात सांगतो. वेग चुकला असेल तर ते दोन शब्द लगेच बाहुलीसारखे ऐकू येतात. ते दोन शब्द माणसाचे वाटेपर्यंत वेग उतरवायचा, आणि मग तिथेच ठेवून गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावायचं. चार-पाच वर्षं बारीक म्हणून हिणवलेला आवाज अचानक छातीतून येऊ लागतो.

त्या वेळी खोलीत कुणी बोलत नाही, हे अनेकदा बघितलं आहे.

एका रेकॉर्डीच्या बाबतीत मात्र हे सगळं आधीच सांगून ठेवलेलं आहे, आणि ती आपल्यापासून सगळ्यात लांब आहे. १९७७मध्ये दोन व्हॉयेजर यानं निघाली, त्यांच्यावरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुई दिलेली आहे. झाकणावर सुई कुठे टेकवायची त्याचं चित्र आहे, आणि एक फेरी किती वेळात व्हायला हवी तेही कोरलेलं आहे, हायड्रोजनच्या अणूच्या मापात. आपल्या हिशेबाने ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेऱ्या. जो कुणी ऐकेल त्याने केसरबाईंचा सूर चुकीच्या पट्टीत ऐकू नये, एवढी काळजी. दुसरं यान निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. रत्नागिरीच्या ट्रंकेत असं झाकण नव्हतं. तिच्यात पाकिटाऐवजी १९५०च्या आसपासच्या वर्तमानपत्रांचे तुकडे होते, आणि रेकॉर्डी आडव्या, एकावर एक रचलेल्या. पन्नास रेकॉर्डींचं वजन दहा किलोच्या पुढे जातं, आणि ते सगळं खालच्या चार-पाच जणींच्या अंगावर येतं. सगळ्यात खालची मधोमध तडकली होती. रेकॉर्डी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, ताठ, कलू न देता, एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

खरं तर ट्रंक उघडल्यावर सुई लावायच्याही आधी एक गोष्ट करावी. एकेक रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून नुसती बघावी. नवी लाखेची तबकडी आरशासारखी काळी असते. जिथे पिन पुन्हा पुन्हा फिरली तिथे ती करडी पडते. त्या घराने काय ऐकलं हे त्या करड्या रंगात लिहिलेलं असतं. या ट्रंकेत बालगंधर्व होते, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर, सुंदराबाई, जे. एल. रानडे, जी. एन. जोशी, अब्दुल करीम खाँ. हिराबाईंची एक रेकॉर्ड एका बाजूने पार राखाडी, दुसरी बाजू जवळजवळ कोरी. रानड्यांच्या भावगीताच्या फक्त शेवटच्या पाव इंचावर ओरखडे, म्हणजे तिथून कुणी तरी पिन घाईघाईने उचलून पुन्हा मागे ठेवत असणार. शेवटची ओळ परत हवी असणार. काळजीपूर्वक बघितलं तर मधल्या कागदावर भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. अंधारात, कंदिलाच्या उजेडात खुंटीवर भोक बसवताना उमटलेल्या. जितक्या जास्त रेघा तितक्या जास्त वेळा ती रेकॉर्ड लावलेली.

करड्या बाजूंचं दुखणं कळायला थोडा हिशेब लागतो. दहा इंची तबकडीवर सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण ९८ सेंटिमीटर खाच सरकते, शेवटी कागदापाशी जेमतेम ४०. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत दाटीने बसवलेलं, त्यामुळे आतल्या बाजूला आवाज आधी फाटतो आणि झीजही तिथे जास्त. आपलं गाणं नेमकं उलट वाढतं. सुरुवातीला मंद्र-मध्यात संथ, शेवटी तार सप्तक, ताना, टिपेची फेक. म्हणजे गायक सगळं देतो तिथेच तबकडी सगळ्यात कमी देऊ शकते. तीन-सव्वातीन मिनिटांच्या बाजूत शेवटच्या अर्ध्या मिनिटाला फाटलेला सूर ऐकला की लोक म्हणतात गळा चिरला. गळा चिरत नाही, खाच संपत आलेली असते. यावरही थोडा इलाज आहे. जुन्या पिनांनी भिंत एका ठरावीक उंचीवर झिजवलेली असते. ३ मिलऐवजी २.५ची किंवा ३.५ची सुई वापरली की ती त्या झिजेच्या खाली नाहीतर वर टेकते, आणि तिथे भिंत अजून कोवळी असते. कधी कधी त्याच रेकॉर्डीतून, त्याच ओळीला, झाकलेला सूर स्वच्छ बाहेर येतो. सगळ्या रेकॉर्डींना हे लागू पडत नाही. पण ज्या एका रेकॉर्डीला लागू पडतं ती बहुधा घराची सगळ्यात आवडती असते, कारण झिजलेली तीच असते.

तीन मिनिटांबद्दल फार वाईट बोललं गेलंय. ख्यालाचं मातेरं झालं, विस्तार गेला, हे सगळं खरं. पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतल्या, ओडियनच्या रेकॉर्डी योग्य वेगाने लावून ऐकाव्यात. तानपुऱ्याला एक क्षणही वाया जात नाही. पहिला षड्ज लागतो तो लागलेलाच असतो, लावून बघितलेला नाही. काय सोडायचं हे ठरवल्याशिवाय तीन मिनिटांत राग उभा राहत नाही, आणि ते ठरवणं त्या सुरांत ऐकू येतं. याच आवाजाच्या एका रेकॉर्डीने गदगच्या एका मुलाला, भीमसेन जोशींना, घर सोडायला लावलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मनात येतं, ते यंत्र कोणत्या वेगाने चालत असेल? चावीच्या यंत्रात वेग धरून ठेवायला तीन छोट्या गोळ्यांचा गव्हर्नर असतो आणि वेग बदलायला एक स्क्रू. तो कुणी कसा पिळला असेल त्यावर सूर. स्प्रिंग उतरत आली की गाणं खाली बसतं. त्या मुलाने ऐकलेला पंचम खाँसाहेबांनी लावलेलाच होता की अर्धा स्वर वर-खाली, कोण सांगणार. जे त्याला ओढून घेऊन गेलं ते त्यातूनही पोचलं होतं.

डोंबिवलीच्या त्या घरी मग एका रविवारी ३ मिलची सुई गेली, ७७ रेघांचा कागद गेला, पाण्याची बाटली गेली. नातवानेच धुतल्या रेकॉर्डी, आठ-दहाच, पण नीट. कार्ट्रिज स्टिरिओ, रेकॉर्ड मोनो, तेव्हा संगणकात भरताना आवाजाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू एक करून टाकायच्या, हे त्याने लगेच उचललं. खाचेतलं गाणं आडवं हलतं आणि धुळीचे धक्के बरेचसे उभे असतात. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की उभे धक्के एकमेकांना खातात आणि खरखर ऐकता ऐकता खाली बसते. आवाज अजून जरा दबलेला होता. आजचे प्लेअर एलपीच्या नियमाने वरचे सूर दाबतात, १० हजार हर्ट्झला जवळपास १४ डेसिबल. ७८च्या बहुतेक जुन्या रेकॉर्डींत ते वरचे सूर मुळात तितके चढवलेलेच नसतात. ट्रेबल थोडं वर नेल्यावर टाळ उजळले. खरखर काढायचं बटण त्याला फार खुणावत होतं. एकदा दाबून बघितलं, तर तडतडीबरोबर तबल्याच्या चाटेची धारही गेली. त्याने स्वतःच ते परत घेतलं. मूळ फाइल हात न लावता ठेवायची आणि जे काही करायचं ते तिच्या प्रतीवर, हे ठरलं.

मग हिराबाईंची ती रेकॉर्ड लागली, राखाडी बाजूची. रेघा थिजलेल्या, वेग ७७.९२, सुई योग्य. पेटीही एका पट्टीवर नीट बसली होती. नातू आजींकडे बघत होता. आजी पुढे वाकून ऐकत होत्या, भुवया जरा आवळलेल्या. धृपद दोनदा झालं.

"छान लागलंय रे," त्या म्हणाल्या. "पण हे खाली आहे. आमच्याकडे वर लागायचं."

नातवाने वेगाची पट्टी किंचित वर सरकवली. दोन टक्के. त्यांनी मान हलवली, अजून. तीन. साडेतीन. रेघा आता तबकडीवर भराभर पुढे धावत होत्या. "आण्णा चावी दिल्यावर तो स्क्रू फिरवायचे," त्या म्हणाल्या, "लांबडं वाटतं म्हणून." आणि मग त्यांनी अंतऱ्याची पहिली ओळ, रेकॉर्डीच्या अर्धी मात्रा आधी, बारीक आवाजात उचलली. बरोबर त्या सुरात. नातवाने संगणकावर दुसरी फाइल उघडली, नाव टाकायच्या चौकोनात थोडा वेळ थांबला, आणि लिहिलं: आण्णांचा वेग.